दोन बिड्यांची बिमारी

पाटलाची मोटर पाहाटे पाहाटे अर्ध्या हँडलात चालू होये. रातभर गोठ्याजौळ उभी राहेलेली, अंगावर धूळ, टपावर कोंबडी बसेल, अन् मी हँडल घातलं का भुर्रकन. अन् तेच मोटर मंधी रस्त्यात भाकर खाले थांबवली, अन् पुन्हा हँडल मारलं, तर मुकी. मी मारतो हँडल, मारतो हँडल, सदरा वला होते, हाताचं कातडं निंगते, मोटर ढिम्म. मंग मी कंटायून झाडाखाली आडवा झालो, एक डुलकी काढली अन् उठून असंच गमतीनं हँडल हालवलं का पुन्हा भुर्रकन. जशी काही मोटर म्हने, तुही झोप झाली का नाही तेवढं पाहून राहिली होती मी.

असा डायवर मी. आता मी डायवर कसा झालो हे पयलेच सांगून टाकतो, म्हंजे पुढचं ऐकून कोनाले अचंबा वाटनार नाही.

आमचं घर दर्यापुराच्या अंगाले. आमी फुलंवाले. मोगरा, शेवंती, झेंडू, अन् बांधावर वांगे-मिरच्या. माहं काम मोट हाकाचं. मोटीचे बैल म्होरं नेताना अक्कल लागत नाही, माघं आनताना लागते, अन् तेवढी एक अक्कल देवानं मले देल्ली. गावच्या पाटलानं अमेरिकेची मोटर घेतली, तवा त्याले डायवर पाहिजे होता. तो म्हने, "अबे, तू बैलं माघं चांगले आनतं. मोटरही माघं-म्होरंच तर जाते." झालं. मले अमरावतीले पाठवलं. आठ दिवस एका डायवरच्या जौळ बसून शिकलो. कचेरीतल्या सायबानं सांगतलं, माघं घेऊन दाखव. मी घेतली, पन तोंडातून "हो हो, सर्जा, माघं" असं निंगून गेलं. सायब हासला अन् लायसन देल्लं. त्याच्यावर काय लिवलं हे मले आजवर मालूम नाही. मले वाचता येत नाही. "हा मानूस बैल समजून मोटर चालवते" असं लिवलं असन तरी मी तेच मोठ्या ऐटीत पोलीस शिपायाईले दाखवत होतो.

माहा बुढा बाप नाराज झाला. म्हने, "जाय, जाय. येशीन वापस. मी मोटीच्या चामड्याले तेल लावून ठेवतो." अन् खरंच लावे. दर आठवड्याले माह्या डोयासमोर लावे.

तर मोटरीचं हे नाटक सिमग्याच्या पुढं सुरू झालं. पाटील हप्त्यातून दोनदा अकोल्याले जाये. मंधात पूर्णा नदीच्या अलीकडे एक निंबाचं झाड, तथी आमी भाकर खाओ. पाटलाच्या घरचा डबा येगळा राहे, पन त्यात चवच नसे. कावून का सिमग्यालेच वैद्यानं पाटलाले तिखट बंद केलं होतं अन् पाटलीनबाई वैद्याच्याहून कडक. मंग पाटील आपला डबा मले देये अन् माहा डबा तो खाये. माह्या बायकोच्या हातचा झुनका, वरून लाल तेल. अन् गरम. उघडला का वाफ निंगे.

पाटील म्हने, "तुह्या बायकोनं डब्यात चूल बांधून देल्ली का बे?"

मी नुसता हासो. ते माही कला होती. डायवरची इद्या. कोनाले सांगत नसो.

वैशाखात पाटलाच्या पोरीचं लगन निंगालं. पोरगा अकोल्याच्या पलीकडचा, शिकेल. नवरदेव घोड्यावर नाही, मोटरीत येइन असं पाटलानं सोयऱ्याले सांगून टाकलं. साऱ्या तालुक्यात बोभाटा. अन् मंग एक दिवस पाटील निंबाखाली बसला असताना त्याच्या ध्यानात आलं. त्याचा घास हातातच राह्यला.

"अबे," तो म्हने, "शिवेवर नवरदेवाले थांबवा लागते."

मी म्हनलं, "हो, लागते."

"खाली उतरवून पाटावर बसवा लागते. पाय धुवा लागतात. पूजा होते. किती येळ जाते?"

मी हिशेब केला. भटजी भला मानूस असला तर दोन बिड्यांचा येळ.

"अन् तुही मोटर कवा बंद पडते?"

मी कानावरची बिडी काढून खिशात टाकली. दोन बिड्यांच्या थांब्यावरच बंद पडे.

पाटील म्हने, "आयक. शिवेवर मोटर चालू नाही झाली तर मी तिले बैल जुपीन. अन् बैलाच्या म्होरं कासरा धरून तू चालशीन, साऱ्या वऱ्हाडाच्या देखत. अन् दुसऱ्या दिवशी मोटर इकून टाकीन, अन् तू मोटीवर."

तवापासून मले झोप लागेना. भेव तर होतंच. पन खरं सांगू का, भेवाच्याहून जास्ती मले नवल वाटे. मोटर बिघडली असती तर सदानकदा बिघडाले पाहिजे. ही थंड असताना चांगली, चालताना चांगली, निरा थांबल्यावरच कावून? अन् थांबल्यावरही दर येळी सारखी नाही. मी बिड्याईनं मोजाले लागलो. एक बिडी ओढून हँडल मारलं, चालू. दोन बिड्या ओढल्या, बंद. तीन, बंद. चार, बंद. आठ-नऊ बिड्यांच्या पुढं पुन्हा चालू. हे पक्कं कराले मी चार खेपा बिड्या ओढल्या. मोटरीची बिमारी काही समजली नाही, पन माही छाती तिच्यासारखी घरघराले लागली.

गावात म्हनत, त्या निंबावर मुंजा हाये. मले पटलं. मी मोटरीच्या नाकाले लिंबू-मिरच्या बांधल्या. तिसऱ्या दिवशी मोटर बंदच, वरून मिरच्या गायब. मंग मी झाड बदललं. नदीपलीकडच्या बाभयीखाली थांबलो. तथीही दोन बिड्या झाल्या अन् मोटर मुकी. आता दोन्ही झाडावर एकाच सभावाचे मुंजे कसे असतीन? तवा मी मुंजाले सोडून देलं.

अकोल्यात जुन्या शहरात, मोर्ना नदीच्या पलीकडे, एक बुढा मिस्त्री होता. पयले इंजनावर काम करे, मंग मोटरी दुरुस्त कराले लागला. त्याच्याकडे नेली तर मोटर अशी गुनाची झाली का इचारू नोका. जवा म्हना तवा चालू. मिस्त्री माह्या तोंडाकडे पाहे.

मी म्हनलं, "चाचा, रस्त्यात बंद पडते."

तो म्हने, "यहां तो चल रही. बिमार ये है के तू?"

पन मानूस चांगला. त्यानं मले जौळ बसवून सांगतलं, "देख बेटा. बंद पडी तो दो चीज देखना. आग है क्या, और तेल है क्या. तिसरी कोई चीज नइ. जा."

एवढं सोपं असते हे मले कोनी सांगतलंच नव्हतं. पुढच्या खेपेले निंबाखाली मोटर मुकी झाली, अन् मी उठलो. पयले आग. एक तार सोडली, लोखंडाच्या जौळ धरली अन् पाटलाले म्हनलं, "पाटील, जरासक हँडल फिरवता का?" पाटलानं धोतर सावरून हँडल फिरवलं. तार मी कुठी धरली होती हे मले तवा समजलं. डोयापुढं चांदन्या, अन् मी चार हात दूर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर.

पाटील वाकून इचारते, "आग हाये का बे?"

मी पडल्या पडल्या म्हनलं, "हाये, पाटील. भरपूर हाये."

मंग तेल. ज्याच्यात ठिनगी पडते तो पिलक खोलला, नाकाले लावला. वल नाही, वास नाही. कोरडा ठक्क. टाकीत बाभयीची काडी घालून पाह्यली तर अर्धी काडी वली. म्हंजे टाकीत तेल हाये अन् इंजनाच्या तोंडात नाही. हे तर मले येतं! इहिरीत पानी हाये अन् वाफ्यात नाही, म्हंजे मंधात पाट फुटला. मी टाकीपासून तांब्याच्या पाइपाच्या मांगं मांगं मोटरीखाली पोटावर सरपटत गेलो. कुठी थेंब नाही. मंग इंजनाच्या तोंडाशी पाइपाचं नट ढिलं केलं अन् पाटलाले पुन्हा हँडल मारा म्हनलं. त्यानं पयले इचारलं, "आता कोनाले धक्का बसीन?" मंग मारलं. पाइपातून तेल नाही आलं. फुस्स, फुस्स, अशी हवा आली अन् थोडा फेस.

मी तथीच बसून राह्यलो. पाट फुटला नाही, पाट भरेल हाये, पन हवेनं. टाकीत तेल हाये, पाइप कुठी फुटेल नाही, मंग मंधात हवा कोठून आली? अन् थंडं झाल्यावर जाते कुठी? मी त्या पाइपाकडे एवढा टक लावून पाहे का पाटील म्हने, "त्यातून काही नाग निंगनार हाये का?"

लगनाले आठ दिवस राह्यले. बायको त्या दिवशी मोटरीत होती. लगनसराई, अकोल्याच्या बजारात मोगऱ्याले मागनी. पाटलानं म्हनलं, टाका दोन टोपले माघच्या शिटवर. ती मोगऱ्यावर वलं गोनपाट घालून बसली होती, अन् घडी घडी त्याच्यावर पानी शिपडे. निंबाखाली थांबलो, दोन बिड्या झाल्या, हँडल मारलं, बंद.

बायको खाली उतरली. तिनं पयल्यांदाच बोनट उघडं पाह्यलं. म्हने, "अवो, किती तापलं हे!"

मी डायवरच्या ऐटीत म्हनलं, "इंजन हाये ते. तापतेच."

"अन् तेल कसं असते तुमचं? रॉकेलसारखं?"

"त्याच्याहून पातळ. हातावर घेतलं का उडून जाते."

"मंग उनात मोगऱ्याचा वास उडते तसं उडतच असन ते," ती म्हने. "आमी मोगरा उघडा ठेवतो का? झाका ना त्याले."

अन् मी नोको नोको म्हनतो तवलग तिनं टोपल्यावरचं वलं गोनपाट उचललं अन् इंजनावर टाकलं. चर्रर्र. वाफेनं पाटलाचा फेटा दिसेना. मी हँडल मारलं, तिले खोटं पाडासाठीच मारलं. भुर्रकन.

पाटलानं एकडाव तिच्याकडे पाह्यलं, एकडाव माह्याकडे, अन् म्हने, "लायसन कोनाले देल्लं होतं बे?"

पन आता माह्या डोक्यात किडा शिरला. सारं गोनपाट नाही टाकलं तर? नेमकं कुठी तापते? पुढच्या दोन खेपा मी फेट्याची चिंधी वली करून एकेका जागी ठेवून पाह्यली. पान्याच्या डब्यावर ठेवली, बंद. इंजनाच्या डोक्यावर ठेवली, बंद. मंग त्या तांब्याच्या पाइपावर गुंडायली, धुराचा मोठा पाइप जथून जाते तथीसा. अन् चालू! दुसऱ्या खेपेले बी चालू. मी एवढा खुश झालो का चिंधी तथीच इसरलो अन् बोडकाच घरी आलो. बुढ्याले वाटलं कोनी मेलं.

लगनाच्या आदल्या दिवशी पाटलाले अकोल्याले कपड्याच्या दुकानात सोडलं अन् मोटर घेऊन मी मिस्त्रीकडे. सारं सांगतलं. आग हाये, तेल नाही, पाइपात हवा, चिंधी ठेवली का चालू. मिस्त्री खाटेवरून उठला. म्हने, "अब आया तू आदमी में." मी छाती फुगवली.

त्यानं बोनट उघडलं. पाइपावर बोट फिरवलं अन् एका जागी थांबला. तांब्याचा पाइप तथी चांगला वीतभर वाकडा झाला होता अन् धुराच्या गंजेल पाइपाले अंग लावून बसला होता.

"ये टेढा किसने किया?"

मी म्हनलं, "कंपनीनंच तसा पाठवला असन, चाचा."

मिस्त्रीनं धुराच्या पाइपाच्या आडोशाले नख लावलं. पिवयं, करपेल काही तरी निंगालं. त्यानं वास घेतला. जिभेले लावलं. मंग माह्याकडे वळला.

"इंजन में बेसन किधर से आया?"

मी पाइपाकडे वाकून पाह्यलं.

"अमरीका में झुनका पकता है क्या?"

तवा माह्या डोक्यात लखकन उजेड पडला. सिमग्याच्या पुढं, पाटलाले गरम खाऊ घालासाठी, मी डबा ठेवाले जागा पाहून राहिलो होतो. धुराच्या पाइपावर अशी चांगली जागा होती, पन तो तांब्याचा पाइप आडवा ये. मी अंगठ्यानं दाबून त्याले बाजूले सारलं, डबा बसवला, वरून तारेनं बांधला. तो पाइप कशाचा हाये हे मले तवा मालूम नव्हतं, अन् मालूम कराची गरजही वाटली नाही. झुनका गरम झाला, बस. तिकडे पाइपातलं तेलही झुनक्यासंगच शिजत होतं. चालताना नवं नवं तेल येत राहे म्हनून चाले. थांबलं का आतलं तेल उकयून हवा होये. अन् थंडं झालं का पुन्हा तेल. दोन महिने मी ज्या मुंजाले हुडकत होतो, तो मीच, हातात डबा घेऊन उभा.

मिस्त्री हासता हासता खाटेवर पडला. त्यानं पाइप सरका केला, धुरापासून चार बोटं दूर नेला, मंधात एक पत्रा लावला. अन् शिटवर काढून ठेवेल डबा माह्या हातात देल्ला.

वापस येताना निंबाखाली थांबलो तवा दिवस कलला होता. पाटलानं डबा उघडला. वाफ नाही. बोट लावलं.

"थंडा हाये बे?"

आता सांगनं भागच होतं. मी सारं सांगतलं. माह्या अंगठ्यापासून बेसनापर्यंत. सांगून झाल्यावर दूर उभा राह्यलो, कावून का पाटलाच्या पायात जोडे होते.

पाटील लय येळ चावत राह्यला. मंग म्हने, "म्हंजे मोटर माह्या तिखटापायी बंद पडे."

मी म्हनलं, "माह्या अंगठ्यापायी, पाटील."

"आता हे घरी सांगाची सोय नाही," तो म्हने. मंग उठला. "मार हँडल."

मारलं. चालू झाली. पन पाटलाचं तोंड काही खुललं नाही. म्हने, "आता वारा थंडा हाये. उद्या भर दुपारी शिवेवर पाहू. मी बैल सांगून ठेवले हायेत."

दुसऱ्या दिवशी नवरदेवाले घेऊन निंगालो. माघं नवरदेव, त्याचा एक दोस्त, अन् नवरदेवाची आत्या. आत्या अंगानं अशी का दोन मानसाची जागा तिले कमी पडे. शिवेवर वाजंत्री उभी, बाया उभ्या, पाटील नवा फेटा बांधून उभा. अन् बाभयीखाली पाटलाची खिल्लारी जोडी, शिंगाले बेगड लावून. मले पाहून बैलानं शेपटी हालवली. ओयख होती.

मोटर थांबवली. नवरदेव उतरला, दोस्त उतरला. आत्या म्हने, "मी उन्हात उतरत नाही." पूजा सुरू झाली. ऊन असं का धुऱ्यावरची माती तापलेली दिसे. मिस्त्रीवर माहा इस्वास होता, पन आपल्या अंगठ्यावर नव्हता. मी वलं गोनपाट आनलंच होतं, ते हळूच पाइपावर टाकलं. बायाईले वाटलं मोटरीचीही पूजा हाये, त्याईनं वरून हयद-कुकू वाह्यलं.

दोन बिड्यांचा येळ झाला. बिडी ओढाची हिंमत नव्हती, मी मनातच ओढल्या. भटजीचा आवाज चढला, मले वाटलं झालंच आता. गोनपाट ओढलं, बोनट लावलं, हँडल मारलं. भुर्रकन! पयल्याच हँडलात! माह्या छातीतून असं काही निंगालं का मी उडी मारून शिटवर बसलो अन् बंद पडाच्या आत मांडव गाठाचा म्हनून जी सोडली, ते सोडलीच.

माघून आत्या पाठीवर पंखा मारे. मले वाटलं शाबासकी देते. मी आनखी जोरात.

"अरे मेल्या, पोट्टा राह्यला माघं!"

हे मले आयकू आलं तवा मी मांडवात पोचलो होतो. सनई सुरू झाली, बाया पंचारती घेऊन धावल्या, मोटरीचं दार उघडलं, अन् आत निरी आत्या. पोरीच्या मावशीनं तिलेच ओवायलं. मांडवाच्या खांबाशी माहा बुढा हाराचे टोपले घेऊन उभा होता. रिकामी मोटर पाहून तो जौळ आला अन् हळूच म्हने, "मोटीले तेल लावून ठेवू का रे?"

अन् घाबरल्या घाबरल्या माह्या हातानं, रोजच्या सवयीनं, मोटर बंद केली होती.

मंग कल्ला. कोनी हासते, कोनी शिव्या देते, आत्या उतराले तयार नाही, तिचं म्हननं पोट्ट्याले आनल्याशिवाय मी हालत नाही. तिले सरकवून, बायाईले बाजूले सारून, मी हँडलापर्यंत पोचलो तवलग दोन बिड्या होऊन गेल्या होत्या. अन् गोनपाट शिवेवर राह्यलं होतं. आता निरा पाइप अन् मी. डोये मिटले, हँडल मारलं.

भुर्रकन.

मोटर खरंच बरी झाली होती. त्या आवाजात मी हासलो का रडलो हे आत्याले इचारा, ती संग होती. वापस शिवेवर गेलो तर नवरदेव पाटावर उभा, एक जोडा पायात, एक हातात. बैल तसेच बाभयीखाली, कासरा बांधेल. पाटलानं स्वतः दार उघडून जावयाले बसवलं, अन् मंग माह्या कानाशी आला.

"पयले मोटर हालत नव्हती," तो म्हने, "आता डायवर थांबत नाही. हळू चाल."

लगन लागलं. येवाईबुवानं, नवरदेवाच्या बापानं, पाटलाले इचारलं म्हनते, तुमच्या मोटरीले काय झालं होतं? पाटलीनबाई बाजूलेच उभ्या होत्या. पाटील म्हने, "तेलाची हवा झाल्ती." अन् इषय बदलला.

पुढच्या हप्त्यात आमी अकोल्याले निंगालो. मोटर इकाची गोष्ट पाटलानं काढली नाही, मीही काढली नाही. निंबाखाली थांबलो. पाटलानं डबा उघडला, थंड्या झुनक्याचा एक घास खाल्ला, दुसरा घेतला, अन् झाकन लावलं.

"त्या मिस्त्रीले इचार," तो म्हने. "मोटरीले इजा न होता डबा ठेवाची जागा कुठी हाये. अन् तो सांगीन तथीच ठेव. अंगठा लावू नोको."

मिस्त्रीनं शिटच्या खाली, धुराचा पाइप जथून माघं जाते तथीसा, पत्र्याचं एक खोकं करून देल्लं. झुनका गरम होये, पन त्याले धुराचा वास येये. पाटील डोये मिटून खाये अन् म्हने, चुलीवरचा वाटते.